तापीचा पूर आणि सुरतेची मरकी

सुरत हे नाव काढले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे इ. स. १६६४ चा जानेवारी महिना उभा राहतो. बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर पडलेला महाराजांचा तळ, किल्ल्यात दडून बसलेला मोगल अधिकारी इनायतखान, आणि नंतर १६७० मधील दुसरी स्वारी. शाळेत इतिहास शिकविताना ह्या प्रसंगापाशी मुलांचे डोळे चमकतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

पण तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपणा सीमाभागातील लोकांची सुरत थोडी निराळी आहे. ती रोजगाराची सुरत आहे. भुसावळहून सुटणारी गाडी अमळनेर, नंदुरबार, नवापूर करीत जिथे पोचते, ती ही सुरत. लिंबायत आणि उधना ह्या भागांत खानदेशातील हजारो कुटुंबे मागावर, साडीच्या कारखान्यांत आणि हिऱ्यांच्या घंटीवर पोट भरतात. त्यांच्या घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि पत्रिकेत मराठी असते. अशा घरांतील थोर माणसांना विचारले तर सुरतेचे जे साल ते प्रथम सांगतात ते १६६४ नव्हे, १९९४. 'मरकीचे साल.'

त्या सालाची हकिकत पुष्कळांनी सांगितली आहे. मला तिच्याकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहावयाचे आहे, आणि एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने: जनावरांकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांचे आणि हवापाण्याचे नाते काय? हा प्रश्न आज जगभर चर्चिला जातो. परंतु त्याचे काही मूळ धडे आपल्याच मुलखात, मुंबई, पुणे, बेळगाव, बीड आणि सुरत येथे गिरविले गेले आहेत.

शब्दांत साठलेला इतिहास

गुजरातीत प्लेगला 'मरकी' म्हणतात. मराठीत 'मरी' हा शब्द त्याच कुळातला. मरीमायचे ठाणे आपल्याकडे गावोगाव वेशीवर असते. जुन्या मराठीत प्लेगला 'गाठीचा ताप' असेही म्हणत, कारण जांघेत किंवा काखेत गाठ येई. आणि 'उंदीर पडणे' हा वाक्प्रचार तर प्लेगनेच दिला. घरात मेलेले उंदीर सापडू लागले की गाव उठे, आणि माणसे माळावर झोपड्या बांधून राहत. ह्याचा अर्थ असा की उंदीर आणि रोग ह्यांचा संबंध शास्त्रज्ञांनी सिद्ध करण्याआधीच लोकांच्या भाषेने तो ओळखला होता.

ही ओळख फार जुनी आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत आग्र्याच्या साथीची हकिकत नोंदविली आहे. तीत झिंगत बाहेर येऊन मेलेला उंदीर, त्याला तोंडात धरणारे मांजर आणि मागाहून घरात लागलेला आजार असा क्रम येतो. पुढे १६८८ मध्ये विजापूरला औरंगजेबाच्या छावणीत साथ शिरली आणि खुद्द त्याची एक बेगम तीत दगावली. १६८९ साली सुरतेस आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन तेथे सहा वर्षे चाललेल्या मरकीचा उल्लेख करतो. बंदराचे शहर, देशोदेशीची गलबते, धान्याची कोठारे आणि कोठारांत उंदीर! व्यापाराने सुरतेला जे वैभव दिले, त्याच वाटेने हे दुखणेही आले.

प्लेगचा ऋतू

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. १८९४ मध्ये हाँगकाँग गाठलेली साथ मुंबईच्या बंदरात उतरली होती. पुढचा राजकीय भाग आपणांस परिचित आहे: १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातील घरझडत्या, २२ जून १८९७ ची रात्र आणि चापेकर बंधू. त्याच वर्षी १० मार्चला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. १८९८ पासून पुढील पन्नास वर्षांत ह्या रोगाने हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणसे नेली. एकट्या १९०७ साली तेरा लाख.

ह्या भयंकर काळातच एक शास्त्रीय कोडे सुटले. १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ ह्याने कराचीत प्रयोग करून दाखविले की उंदराकडून उंदराकडे रोग नेते ती पिसू. प्रारंभी त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि प्लेग कमिशनच्या मंडळींनी हीच गोष्ट पक्की केली.

पण कोड्याचा दुसरा भाग अधिक चमत्कारिक होता. साथ वर्षभर सारखी का राहत नाही? मुंबईत प्लेगचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल असे आणि मे महिन्यात तो ओसरे. पंजाबात एप्रिल-मे हा कळस, आणि कडक उन्हाळा आला की साथ थांबे. पुणे-बेळगावकडे पठारावर मात्र पावसाळ्याच्या मध्यापासून हिवाळ्यापर्यंत मरण मोजावे लागे. एकच जंतू, एकच उंदीर, एकच पिसू. तरी दर प्रांताचे पंचांग निराळे!

ह्याचे उत्तर पिसवेच्या पोटात सापडले. १९१४ मध्ये बेकॉट आणि मार्टिन ह्या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी दाखविले की आजारी उंदराचे रक्त प्यालेल्या पिसवेच्या अन्नमार्गात प्लेगचे जंतू वाढून त्यांचा बोळा बसतो. तिच्या पोटात रक्त उतरत नाही. ती भुकेने पिसाटते, पुन:पुन्हा चावते, आणि दर चाव्यासरशी अडलेले रक्त जंतूंसह जखमेत ओकते. हवा सौम्य आणि दमट असली की हा बोळा टिकतो, पिसूही जगते. तापमान साधारण २७-२८ अंश सेल्सियसच्या वर चढू लागले की बोळा विरघळतो, आणि कोरड्या उष्ण हवेत भुकेली पिसू लवकर मरते. म्हणून मुंबईचा मे, पंजाबचा जून आणि बेळगावचा चैत्र-वैशाख ह्यांनी जे केले ते पलटणींना करता आले नाही.

वाचकहो, हवामान आणि साथ ह्यांच्या नात्याचा हा जगातील अत्यंत मोलाचा पुरावा आहे, आणि तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या मरणातून लिहिला गेला आहे. त्यातून एक सावधगिरीही शिकावी. 'उष्णता वाढली की रोग वाढतात' असे सरसकट वाक्य हल्ली ऐकू येते. प्लेगच्या बाबतीत उष्णतेने रोग थांबविला. प्रत्येक रोगाचे, प्रत्येक कीटकाचे, प्रत्येक प्रांताचे गणित वेगळे मांडावे लागते.

बीड ते सुरत

स्वातंत्र्यानंतर प्लेग मागे हटत गेला. १९६६ मध्ये कर्नाटकात काही रुग्ण आढळले, त्यानंतर जवळजवळ तीन दशके शांतता होती. डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी हा रोग केवळ पाठ्यपुस्तकात पाहिला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गेली. शेजारच्या बीड जिल्ह्यालाही हादरे बसले. लोकांनी भयाने दगडमातीची घरे सोडली. सोडलेल्या घरांत धान्य राहिले आणि धान्यावर उंदीर. पुढच्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर पडू लागले, पिसवा फार झाल्याची तक्रार झाली आणि काखा-जांघांतील गाठींचे रुग्ण पुढे आले. भूकंपामुळे उंदीर वाढले हे अनुमान त्या वेळी पुष्कळांनी मांडले. ते संभाव्य आहे. परंतु मामल्यातून सुरतेस रोग कोणत्या वाटेने गेला, ह्याचा निर्विवाद पुरावा पुढे आलेला नाही.

सुरतेत त्या वर्षी पावसाने कहर केला होता. उकाई धरणातून पाणी सोडले गेले आणि तापी शहराच्या सखल भागांत शिरली. वेड रोड आणि आसपासच्या गरीब वस्त्या पाण्याखाली गेल्या. ह्या वस्त्यांत परप्रांतीय आणि खानदेशी मजुरांची दाटी होती. पाणी ओसरले तेव्हा मागे चिखल, कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे राहिली. त्या काळची सुरत तशीही देशातील अत्यंत गलिच्छ शहरांपैकी एक म्हणून ओळखली जाई. पैसा अमाप आणि गटारे उघडी. पुराच्या पाण्याने बिळे भरली की उंदीर वर येतात, माणसांच्या वस्तीत शिरतात. त्यातच गणपती विसर्जनाची गर्दी झाली.

१९-२० सप्टेंबरपासून तरणीताठी माणसे ताप, छातीत दुखणे आणि रक्ताची थुंकी घेऊन रुग्णालयात येऊ लागली आणि काही तासांत दगावू लागली. हा फुफ्फुसाचा प्लेग. ह्यात पिसवेची गरज उरत नाही. खोकल्याच्या तुषारांतून तो माणसाकडून माणसाकडे जातो. बातमी फुटताच शहर रिकामे होऊ लागले. चार-पाच दिवसांत चार ते सहा लाख लोक बाहेर पडले असा अंदाज आहे. गाड्यांच्या टपांवर माणसे बसली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. कित्येक खाजगी डॉक्टरही दवाखान्यांना कुलपे लावून निघून गेले. परदेशांनी विमाने थांबविली, आपला निर्यातीचा माल नाकारला. आणि शेवटी मोजणी झाली तेव्हा साऱ्या देशात मिळून पन्नासाहून थोडे अधिक मृत्यू झाले होते, त्यांतील बहुतेक सुरतेतील.

मी त्या वेळी नव्यानेच शिक्षक झालो होतो. नवरात्राच्या आधीच्या त्या आठवड्यात सुरतेहून आलेल्या माणसांनी आमची गावे भरली. कोणी त्यांना घरात घेतले, कोणी शेतातल्या झोपडीत ठेवले. सख्ख्या भावाला आठ दिवस ओटीवर बसू न दिल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत. वर्गात सुरतेहून आलेल्या मुलाशेजारी बाक रिकामा राही. त्यावेळी ऐंशी ओलांडलेल्या एका आजींना मी प्लेगविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "मास्तर, उंदीर पडले का तिथं, ते आधी इचारा. उंदीर पडल्याबिगर गाठीचा ताप येत नाही."

आजींचा प्रश्न नेमका होता. तोच प्रश्न पुढे तज्ज्ञांनीही विचारला. सुरतेत उंदीर मोठ्या संख्येने पडल्याचे दिसले नव्हते, मग हा प्लेगच कशावरून? डॉ. रामलिंगस्वामी ह्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. वाद पुष्कळ काळ चालला. पुढे हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी रोगजंतूंची आनुवंशिक तपासणी करून तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखविले. पण तपासाला लागलेला वेळ हाच एक धडा होता. तीस वर्षे न दिसलेला शत्रू ओळखण्याची सवय आपण मोडून टाकली होती.

पाऊस तोच, शहर दुसरे

मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव हे सुरतेचे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी काही अद्भुत केले नाही. विभागीय अधिकाऱ्यांना खर्चाचे अधिकार दिले, आणि सर्वांना रोज सकाळी खोलीबाहेर काढून वस्त्यांत हिंडावयास लावले. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. गलिच्छ हॉटेलांना दंड झाला, मग ते कोणाचेही असो. धनिकांचीही बेकायदा बांधकामे पडली. झोपडपट्ट्यांत फरशा, नळ आणि संडास पोचले. दोनेक वर्षांत त्याच सुरतेची गणना देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून झाली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर तिने इंदूरबरोबर पहिला क्रमांक विभागून घेतला.

ह्या कामाची परीक्षा तापीनेच घेतली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पुन्हा प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. हा पूर १९९४ हून कितीतरी मोठा होता. माणसे गेली, संसार वाहून गेले. परंतु पाणी उतरताच चिखल आणि मेलेली जनावरे उचलण्याचे काम युद्धपातळीवर झाले, औषधे घरोघर पोचली, आणि मरकी परतली नाही. एकाच नदीचे दोन पूर एकाच शहराला इतके वेगळे भोवले, ह्याचे कारण आकाशात शोधून सापडणार नाही.

पायांना होणारा रोग, पंखांवरून येणारा रोग

प्लेग गेला म्हणून उंदीर गेले नाहीत. १९९४ पासूनच दक्षिण गुजरातेत, म्हणजे सुरत, नवसारी, वलसाड ह्या पट्ट्यात, लेप्टोस्पायरोसिस ह्या रोगाचे नाव दर पावसाळ्यात ऐकू येऊ लागले. उंदीर, गुरे, कुत्री ह्यांच्या मूत्रातून ह्याचे जंतू बाहेर पडतात. कोरड्या जमिनीवर ते टिकत नाहीत; ओल्या चिखलात आठवडेच्या आठवडे जगतात. भातलावणीला अनवाणी उतरलेल्या माणसाच्या पायाच्या भेगेतून ते आत शिरतात. पाऊस जितका जास्त आणि पाणी जितके दिवस तुंबेल, तितका धोका मोठा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत ह्याच रोगाने मुंबईकरांना गाठले होते. ताप, डोळ्यांची लाली, पोटऱ्यांत कळा आणि मग कावीळ अशी लक्षणे दिसली की घरगुती काढ्यावर वेळ घालवू नये. वेळेत दिलेल्या साध्या प्रतिजैविकाने माणूस वाचतो. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मजूर कामासाठी त्या पट्ट्यात जातात, म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले.

दुसरा प्रसंग तर आपल्या उंबरठ्यावरचा. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पहिला बर्ड फ्ल्यू जाहीर झाला तो नवापुरात. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ हा विषाणू निश्चित केला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पलीकडे उच्छल येथेही तेच. सुदैवाने एकाही माणसाला लागण झाली नाही. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे सर्वांस ठाऊक आहेच. विषाणूला ती सीमारेषा दिसली नाही. मात्र बंदोबस्त करणाऱ्या दोन सरकारांना ती दिसत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांवर पुन्हा तीच पाळी आली. दोन्ही वेळा महिना हिवाळ्याचा. थंडीत हा विषाणू शरीराबाहेर अधिक काळ टिकतो आणि उत्तरेकडील पाहुणे पक्षीही त्याच ऋतूत आपल्या जलाशयांवर असतात.

दक्षिणेकडच्या सीमाभागाचा अनुभवही असाच. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि मागोमाग माणसे आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या तापाचे मूळ गोचिडीत शोधले. कोरड्या महिन्यांत जोर धरणारा हा 'माकडताप' पुढे उत्तरेकडे सरकत गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गपर्यंत पोचला. काजू गोळा करण्यास जंगलात जाणाऱ्यांचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच असतो.

पंचांग बदलते आहे

ह्या सर्व हकिकतींवरून हवापाणी तीन मार्गांनी काम करते असे दिसते. ते जंतूचे आणि कीटकाचे आयुष्य कमीजास्त करते, जसे पिसवेच्या पोटातील बोळ्याचे. ते प्राण्याला त्याच्या जागेवरून हलविते, जसे पुराने उंदराला. आणि ते माणसालाही हलविते, कधी चिखलात, कधी जंगलात, कधी दूरच्या शहरातील दाटीत. आता तापमान वाढत चालले आहे, आणि थोड्या वेळात पुष्कळ पाऊस कोसळण्याचे प्रसंग पश्चिम भारतात वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ज्या पंचांगावर आपल्या पूर्वजांनी साथीचे महिने ओळखले, ते पंचांगच सरकू लागले आहे. जुना अनुभव पुरणार नाही. नव्या नोंदी ठेवाव्या लागतील. प्राण्यांचे, माणसांचे आणि परिसराचे आरोग्य एकत्र पाहणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात व्हावी म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये पायाभरणी झाली. हे योग्य दिशेचे पाऊल आहे.

पण मोठ्या संस्थेला पहिली बातमी कोण देणार? मामल्यात पिसवा वाढल्याचे प्रथम गावकऱ्यांनी सांगितले होते. कोंबड्या मरू लागल्याचे प्रथम पाळणाऱ्याला कळते, माकड मेल्याचे लाकूड आणावयास गेलेल्या बाईला. त्यांनी सांगितलेले दोन्ही राज्यांच्या आरोग्यखात्यांपर्यंत, आणि दोन्ही भाषांत, त्याच दिवशी पोचले पाहिजे. सीमाभागात हे काम अधिक अवघड आहे, कारण येथे रुग्ण एका राज्याचा, दवाखाना दुसऱ्या राज्याचा आणि गुरांचा बाजार तिसऱ्याच गावी असतो.

आमच्या शाळेत गेल्या काही वर्षांपासून विद्यार्थी पर्जन्यमापकाची रोजची नोंद वहीत करतात. त्याच वहीत आता एक रकाना वाढविला आहे: आज गावात कोणते जनावर मेलेले दिसले? बहुतेक दिवशी तेथे 'काही नाही' असे लिहिले जाते. ह्या पावसाळ्यात दोनदा वेगळी नोंद झाली, आणि दोन्ही वेळा मुलांनी ती पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दाखविली. निष्पन्न काही गंभीर झाले नाही. ज्या शाळांना शक्य असेल त्यांनी असा रकाना काढून पाहावा. खर्च एका वहीचा आणि एका रेघेचा आहे.